मेन दरवाजा सागवानी घ्यावा का फ्लश डोर (प्लायवूडसारखं थर चिकटवून केलेलं सपाट दार)?
आपल्याकडं नांदेड-परभणीला उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो अन् जुलैत हवा एकदम दमट, त्यामुळं लाकूड आकसतं-फुगतं अन् दार चौकटीत अडकतं. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, अंगचं तेल असल्यानं वाळवी पण लवकर धरत नाही, फक्त खोडाच्या बाहेरच्या बाजूचा पांढरा भाग नको, वाळवी आधी तोच खाते (नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचं सागवान नावाजलेलं, त्या नावावर काहीही गळ्यात मारतात, तेवढं बघा). फ्लश डोर लई स्वस्त, थर उभे-आडवे चिकटवलेले म्हणून वाकतं पण कमी, मात्र बाहेरच्या दाराला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या गोंदाचं) ग्रेडच घ्या, एमआरवाल्याचे (फक्त दमटपणा सोसणाऱ्याचे) थर पावसानं सुटतात. कोणतंही घ्या, खालची-वरची कड रंगवून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. पुढं पोर्च असेल तर फ्लश चालतंय, ऊन-पाऊस थेट येत असेल तर सागवानच.