सात महिने, सहा रंग आणि पांढऱ्याची चौथी ट्यूब

पांढऱ्याची चौथी ट्यूब परवा संपली. शेपटीकडून गुंडाळत आणली, मग कात्रीने उभी चिरली आणि आतला तैलरंग पॅलेट नाइफने खरवडून घेतला. म्हटलं, आता हिशोब मांडायलाच हवा.

नोव्हेंबरपासून मी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या गव्हाच्या गंजींच्या चित्रांची नक्कल करतोय. त्याच, फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावच्या त्याच्या घराजवळच्या शेतातल्या, 1890-91 मध्ये त्याने पंचवीसेक कॅनव्हासवर रंगवलेल्या. नियम एकच, रंग त्याचेच. 1905 साली त्याने चित्रविक्रेते द्युराँ-रुएल यांना यादी कळवली होती: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी), कोबाल्ट निळा, व्हिरिडियन हिरवा. काळा नाही, तपकिरी नाही. सहाच ट्यूबा म्हणजे स्वस्तात सुटलो, असं वाटलं होतं. डोंबलाचं स्वस्त!

मॅडर अजून जेमतेम उघडलाय, पण पांढऱ्याच्या पहिल्या तीन ट्यूबा जानेवारीतच उडाल्या. उन्हात पांढरा, आकाशात पांढरा, सावलीच्या जांभळ्यातसुद्धा पांढरा. शिवाय सगळं जाड थापायचं. एवढं करून माझ्या गंजी पिठात लोळवल्यासारख्या. रंगच भेसळीचा म्हणून दुकानात जाऊन भांडलो. "काका, उघडलेली ट्यूब परत होत नाही."

मग डोक्यात प्रकाश पडला. माझा पांढरा टायटॅनियमचा, मोनेचा शिशाचा. टायटॅनियम चित्रकारांच्या हाती आला तो 1920 च्या सुमारास, गंजींनंतर तीसेक वर्षांनी. तो झाकतो फार, आणि चमचाभर पडला की शेजारच्या रंगाचा जीव जातो. शिसं विषारी, घरात नातवंडं आहेत, तेव्हा तो आणायचा विषयच नाही. आता आधी रंगात रंग मिसळतो, पांढरा शेवटी, नाइफच्या टोकावर मावेल एवढाच. चौथी ट्यूब मेअखेरपर्यंत पुरली ती यामुळे. दुकानदाराची माफी मागायला हवी, मागितलेली नाही.

काळा नसल्याचा वैताग मात्र आपोआप गेला. गच्चीवरच्या टाकीची सावली संध्याकाळी चक्क निळसर-जांभळी पडते. चौदा वर्षं त्याच गच्चीवर वाळवणं घालतोय, कधी दिसली नव्हती.

एक तक्रार उरतेच. उजेड बदलला की मोने कॅनव्हास बदलायचा. सावत्र मुलीला पुढचा आणायला पाठवायचा, असं तो स्वतःच सांगायचा. माझ्याकडे कॅनव्हास उभा करायला एकच ईझल, आणि हाक मारली तर खालून कुकरची शिट्टी ऐकू येते. आपल्याकडे संध्याकाळही त्याच्याकडच्यासारखी रेंगाळत नाही. वीस मिनिटांत खेळ खलास. पण तोही बरीच चित्रं नंतर स्टुडिओत बसून पुरी करायचा, हे कळल्यापासून मी उरलेलं काम जेवणाच्या टेबलावर निर्धास्तपणे करतो. वर्तमानपत्र अंथरून, अर्थात.

यादी वाचायच्या आधी घेतलेल्या काळ्या आणि बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी) ट्यूबा सीलबंद पडल्यात. कुणाला हव्या असतील तर निम्म्या किमतीत देईन.