सुरकुत्यांचं इंजेक्शन: कडेला जमलं, खाली फसलं

गेल्या वर्षीच्या गणपतीत डोंबिवलीची नणंद पडवीत पाय ठेवता ठेवताच म्हणाली, "काय गो वहिनी, आजारी होतीस?" मी आजारी नव्हते. पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. मार्च ते मे मी उन्हात डोळे बारीक करून पेट्या मोजते, आणि वय 52. डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या सुरकुत्या आणि डोळ्यांखाली दोन काळे खड्डे. आरशात रोज बघून सवय झाली होती, पण तिचं ते वाक्य वर्षभर डोक्यातून जाईना.

यंदा आंबा उरकला आणि जूनच्या शेवटी रत्नागिरीतल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले. नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

जाण्याआधी मला एकच काळजी होती, विजेची. बोटॉक्सची, म्हणजे स्नायू काही महिने ढिला ठेवून सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनची, बाटली 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते हे मला ठाऊक होतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळ असते हेही. म्हणून पहिला प्रश्न विचारला तो फ्रीजचा. डॉक्टर मॅडम हसल्या, पण उठून फ्रीज दाखवला: आत थर्मामीटर, मागे इन्व्हर्टर. बाटली माझ्यासमोर उघडली, तारीख वाचू दिली, सलाईन घालून औषध तयार केलं. आंब्याच्या धंद्यात माल बघितल्याशिवाय पैसे कोण देतो? इथेही तसंच करा. आणि दर 'यूनिट'मध्ये, म्हणजे औषधाच्या मापात विचारा, 'एका बाजूचे किती' असा नको. दोन कंपन्यांचे यूनिट एकसारखे नसतात, त्यामुळे कंपनी कोणती तेही विचारून घ्या.

माझ्या दोन्ही कडांना मिळून 24 यूनिट लागले, बारा-बारा. 300 रुपये यूनिट, म्हणजे 7,200. दिसण्यासाठीचे उपचार म्हणून वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,496.

आधी पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले. "जोरात हसा." हुकमावर हसू येतं होय? शेवटी मदतनीस मुलीने विचारलं, "काकू, यंदा पेटीला भाव काय मिळाला?" तेव्हा आलं. सुई इन्सुलिनच्या सुईसारखीच. ह्यांना रोज मीच टोचते, त्यामुळे भीती नव्हती. डास चावल्यासारख्या गांध्या उठल्या आणि अर्ध्या तासात बसल्या. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपायची माझी सवय, त्या दिवशी भाट्याच्या पुलापासून घरापर्यंत ताठ बसून आले.

हे औषध मुळात डोळ्यांच्या डॉक्टरांचं. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी. कॅनडात जीन कॅरुथर्स नावाच्या नेत्रतज्ज्ञ बाई पापण्यांच्या रुग्णांना ते देत होत्या, आणि कपाळावरच्या आठ्याही जातात हे लक्षात आलं. त्यांचे पती त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून 1992 मध्ये त्यावर लेख लिहिला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेची मान्यता थेट 2013 ची. मॅडमनी हे सगळं पेन्सिल हातात धरून सांगितलं. अशी माणसं मला आवडतात.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी अंगणात उन्हाकडे बघितलं तर कडा चुरगळल्या नाहीत. पंधरा दिवसांत पूर्ण परिणाम दिसला. हसल्यावर पडणाऱ्या रेषा गेल्या, न हसताही दिसायच्या त्या निम्म्याच गेल्या. तेवढंच होईल असं आधी सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. तीन-चार महिने टिकतं, मग स्नायू पुन्हा कामाला लागतो. मॅडमचा सल्ला मात्र फुकटातला: "आधी गॉगल घ्या, नाहीतर माझं अर्धं काम उन्हात वाया." घेतला. बागेतले गडी हसतात.

इथवर पाचपैकी पाच तारे. आता खड्डे.

पंधरा दिवसांनी दाखवायला गेले तेव्हा डोळ्यांखालचं विचारलं. मॅडमनी मोबाईलची बॅटरी समोरून चेहऱ्यावर धरली आणि हातात आरसा दिला. निम्मा काळेपणा नाहीसा. "जो गेला ती सावली, खड्ड्याची. जो राहिला तो रंग. फिलरने फक्त सावली भरते." हे तुम्ही घरीही करून बघा, पैसे भरण्याआधी.

फिलर म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिडची जेल. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच, 1934 मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला तो गाईच्या डोळ्यातून. तो पाणी धरून ठेवतो. एक मिलीची सिरिंज 24,000 रुपये, करासकट 28,320. संमतीचा फॉर्म चार पानांचा आणि सगळा इंग्रजीत. भाच्याला फोन लावून वाचून घेतला. जेल रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते, हे त्यात होतं. मॅडमनी तोंडी मराठीत नीट समजावलं होतं, खरं आहे. पण सही आपण कागदावर करतो, बोलण्यावर नाही. रत्नागिरीत दुकान मांडून कागद मराठीत का नसावा?

गालावर एक भोक पाडून बोथट टोकाची लांब सुई, कॅन्युला, आतून डोळ्याखाली सरकवली. दुखलं नाही. पण कातडीखाली काहीतरी कुरकुरत पुढे जातंय हे कळतं, मासा साफ करताना सुरी काट्यावरून जाते तसं. मी मुठी आवळून पडून राहिले.

डावी बाजू सुरेख झाली. उजवीकडे तीन आठवड्यांनी निळसर उंचवटा दिसू लागला. सकाळी जास्त, लोणचं-पापड खाल्लं की आणखी. डोळ्याखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. जेल वरच्या थरात राहिली की तिच्यातून निळा प्रकाश विखुरतो, त्याला टिंडाल परिणाम म्हणतात. शेजारीण म्हणाली, "काय गो, आपटलीस कुठे?"

मॅडमनी फोटो बघून दुसऱ्याच दिवशी बोलावलं. ही जेल विरघळवणारं औषध आहे, हायल्युरोनिडेज. टोचण्याआधी विचारलं, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर सूज आली होती का, कारण त्यांच्या विषातही हाच पदार्थ असतो. बागेतल्या बाईला हा प्रश्न! चावल्या आहेत खंडीभर, सूज जागेवरच. मग हातावर थेंबभर टोचून बघितलं आणि नंतर डोळ्याखाली. दोन दिवसांत उंचवटा गेला. आणि उजवा खड्डा होता तिथे परत.

माझी तक्रार इथे आहे. काउंटरवरच्या मुलीने विरघळवण्याचे 3,000 मागितले. "आमची चूक नाही मॅडम, तुमची स्किन पातळ आहे." पातळ होती तर 28,320 घेताना कळलं नाही? पेटीत चार आंबे नासके निघाले तर आम्ही 'तुमचं हवामान दमट' असं सांगत नाही, चार आंबे देतो. डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटकडे होत्या, मी पैसे भरून आले. रात्री त्यांचा मेसेज आला, पुढच्या वेळी वळते करू म्हणून. बघू.

तुम्ही जाणार असाल तर कडेच्या सुरकुत्यांसाठी बिनधास्त जा. खड्ड्यांसाठी जायचं तर विरघळवण्याचा खर्च कोणाचा हे आधी लिहून घ्या, आणि ते औषध फ्रीजमध्ये आहे ना ते बघा. सणाच्या तोंडावर करू नका, महिना-दीड महिना हाताशी ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, काळंनिळं जास्त होतं.

यंदा गणपतीत नणंद आली. बराच वेळ निरखून म्हणाली, "बारीक झालीस गो!" डाव्या-उजव्यातला फरक तिला दिसला नाही, मला रोज दिसतो. नोव्हेंबरची तारीख घेतली आहे, मोहोर येण्याआधीची, फक्त कडांसाठी. 3,000 वळते होतात का ते तेव्हा इथेच लिहीन, तोवर क्लिनिकचं नाव नाही.