किंमत रास्त होती, हेडफोन नकली होता

मी घरून बोलक्या पुस्तकांचं वाचन आणि ध्वनिसंपादन करते. या कामाला क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेला हेडफोनच लागतो. ओपन-बॅकमधून आवाज बाहेर झिरपतो आणि समोरच्या माइकमध्ये पुन्हा शिरतो. माझा जुना हेडफोन गाणी ऐकायला बरा होता, पण त्याचा बेस फुगवलेला. 'स', 'श'ची धार, ओठ उघडतानाची टिचकी, श्वासामागे राहिलेली पंख्याची घरघर हे सगळं त्यात दबून जायचं. म्हणून सोनीचा एमडीआर-७५०६ घ्यायचं ठरवलं.

हा हेडफोन १९९१ पासून बाजारात आहे. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर), ६३ ओहम इंपिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध), घडी होणारा पट्टा, पिळाची वायर. वरच्या पट्टीतले आवाज तो थोडे पुढे आणतो. निवांत गाणी ऐकणाऱ्या काहींना ते बोचतं, पण आवाजातले दोष शोधणाऱ्याला तेच हवं असतं. चित्रीकरणाच्या जागी, रेडिओत, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या कानावर तो वर्षानुवर्षं दिसतो. रूप फारसं न बदलता इतकी वर्षं खपणारी वस्तू नक्कल करणाऱ्यांच्याही सोयीची असते.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. 'स्टुडिओ बंद करतोय, वर्षभर वापरलेला, खोक्यासकट.' किंमत साडेसहा हजार. नकली माल निम्म्या-पाव किमतीत विकतात, असं आपण ऐकलेलं असतं. इथे तसं काहीच नव्हतं. वापरलेल्या वस्तूची जी किंमत असावी तेवढीच, आणि घासाघीस केल्यावर विक्रेता जेमतेम तीनशे रुपये खाली आला. मी व्हिडिओ मागवला, त्यानं लगेच पाठवला. त्यातला हेडफोन अस्सल होता, हे मी आजही सांगते. पट्ट्याजवळच्या निळ्या लेबलावरची अक्षरं स्वच्छ, बिजागरीपाशी उघड्या दिसणाऱ्या बारीक तारा नीट बसवलेल्या.

भेट दादर स्टेशनबाहेर, संध्याकाळच्या गर्दीत. जागा आणि वेळ त्यानंच ठरवली होती. "ताई, लावून बघा ना, समाधान झाल्याशिवाय पैसे देऊ नका," म्हणत त्यानं स्वतःच्याच फोनला हेडफोन जोडला आणि ढोल-ताशांचं दणदणीत गाणं लावलं. फेरीवाल्यांच्या ओरड्यात आणि टॅक्सींच्या हॉर्नमध्ये त्या गाण्यावरून कुणालाही काही कळणार नाही. ही सगळी मांडणी त्यासाठीच होती. खोकं होतं, पिशवी होती, मोठ्या जॅकचा ॲडॉप्टर होता. पावती "स्टुडिओच्या अकाउंटंटकडे, उद्या पाठवतो." पैसे यूपीआयनं गेले, तेही वेगळ्याच नावाच्या खात्यात. "भावाचं आहे," म्हणाला.

घरी येऊन माझंच एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, ज्यातली प्रत्येक खोट मला पाठ आहे. टिचक्या गायब. 'श' बोथट. खालचे आवाज पोकळ घुमत होते आणि उजव्या कानात आवाज डाव्यापेक्षा हलका. ॲडॉप्टर अस्सलवर आटे पिळून घट्ट बसतो, हा नुसताच डुगडुगत होता. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका मित्राकडे गेले. त्याच्याकडे बरीच वर्षं वापरलेला अस्सल ७५०६ आहे. त्यानं मल्टिमीटर, म्हणजे विजेची मोजमापं घेणारं यंत्र काढलं. जॅकचं टोक आणि मुळाकडचा भाग यांच्यात डावा कान मोजला जातो, मधली कडी आणि तोच मुळाकडचा भाग यांच्यात उजवा. त्याच्या हेडफोनवर दोन्ही आकडे साठच्या आसपास, जवळजवळ सारखे. मीटर दाखवतो तो रोध लिहिलेल्या इंपिडन्सपेक्षा थोडा कमी भरतो, हे साहजिक आहे. माझ्यावर एकतीस आणि छत्तीस. म्हणजे आत ६३ ओहमचा ड्रायव्हर नव्हताच, कुठलेतरी स्वस्त आणि तेही एकमेकांशी न जुळणारे ड्रायव्हर बसवले होते.

रंग, लेबल, खोकं, अक्षरांचा ठसा हे सगळं नक्कल करणारे सुधारत नेतात. ड्रायव्हर सुधारायचा तर खर्च येतो, आणि तो टाळण्यावरच त्यांचा धंदा चालतो. म्हणून माझं ठाम मत आहे की वापरलेला हेडफोन घेताना खोक्याचे फोटो ताडत बसण्यापेक्षा काही शेकड्यांत मिळणारा मल्टिमीटर आणि स्वतःच्या फोनमधलं स्वतःच्या ओळखीचं ध्वनिमुद्रण सोबत न्यावं. तेही एखाद्याच्या घरी किंवा शांत दुकानात. विक्रेता शांत जागेला नकार देत असेल तर तिथंच व्यवहार थांबवा. व्हिडिओतला नग आणि हातातला नग एकच आहे का, हे एखाद्या ओरखड्यावरून पडताळा. आणि खोकं आयात मालाचं म्हणून दाखवत असतील तर भारतात विकल्या जाणाऱ्या अशा खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. माझ्या खोक्यावर त्या जागी नुसता बारकोड होता.

विक्रेत्याला फोन केला तर त्यानं नंबर ब्लॉक केला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू होतं. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखालीही गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र विक्रेता व्यापारी असेल तरच खुला होतो. घरातली जुनी वस्तू विकणारा साधा माणूस त्यात येत नाही. इथं मला एक धागा मिळाला. त्याच फोटोंच्या जाहिराती त्याच ॲपवर वेगवेगळ्या नावांनी, ठाणे, वाशी आणि पुणे दाखवून चालू होत्या, म्हणजे हा घरातली जुनी वस्तू विकणारा नव्हता, त्याचा हा धंदाच होता. त्या सगळ्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह अर्जाला जोडले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती मी करते आहे.

ॲपवाल्यांनी कळवल्यावर एक जाहिरात काढली, बाकीच्या अजून आहेत. फोटोत करड्या सोफ्यावर ठेवलेला ७५०६ दिसतो, डाव्या कपाच्या गादीला खालच्या बाजूला नखाएवढी चीर आहे, आणि मजकुरात 'स्टुडिओ बंद करतोय' हे शब्द आहेत. ती चीर हातात आलेल्या नगावर शोधा. माझ्यावर नव्हती.