विद्यार्थ्यांचा ब्लॉग : आराखडा शिक्षकांनी आखावा की मुलांना सोबत घेऊन?

ज्या शिक्षकांनी येत्या सत्रात आठवी-नववीच्या वर्गाचा मराठी ब्लॉग सुरू करायचे ठरवले आहे, त्यांच्यापुढे कोणते लेख घ्यावेत याच्याही आधी एक निर्णय उभा राहतो : ब्लॉगचा आराखडा स्वतः तयार करून वर्गाच्या हाती द्यावा, की तो आराखडाच मुलांना सोबत घेऊन घडवावा. दोन्ही वाटांनी ब्लॉग उभा राहतो. मात्र लागणारा वेळ, मुलांच्या लेखनावर होणारा परिणाम, मुख्याध्यापकांवर व पालकांवर येणारी जबाबदारी आणि पुढच्या वर्षी उपक्रम टिकण्याची शक्यता या बाबतींत त्यांच्यात मोठे अंतर आहे. माझे मत आरंभीच नोंदवून ठेवणे योग्य होईल. कोणते निर्णय खरोखर मुलांच्या हाती सोपवायचे हे एकदा ठरले की बाकीची निवड सोपी होते. आणि मुलांना विचारल्यासारखे करून शेवटी आपलेच ठरवलेले लागू करणे हा या दोन्ही पर्यायांपेक्षा वाईट तिसरा पर्याय आहे.

दोन परंपरा

शिक्षकांनी आखलेला ब्लॉग आपल्याला अपरिचित नाही. शाळेच्या वार्षिकांकाची आणि हस्तलिखिताची पद्धत बहुतेक ठिकाणी हीच राहिली आहे. संपादक-शिक्षक विभाग ठरवतात, विषय वाटून देतात, आलेले लेखन तपासतात, निवडतात आणि मुखपृष्ठ चित्रकलेच्या शिक्षकांकडे सोपवतात. अनेक पिढ्यांतील मुलांना आपले नाव पहिल्यांदा छापलेले दिसले ते याच पद्धतीमुळे, म्हणून तिला जुनाट ठरवून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

सहभागी आराखड्याची, म्हणजे वापरणाऱ्यांनाच सोबत घेऊन आखणी करण्याची, परंपरा कामगार चळवळीतून आली. नॉर्वेमध्ये १९७०च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टेन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञाने लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केले. कारखान्यात संगणक येणार असेल, तर तो कसा यावा यावर कामगारांचेही म्हणणे चालले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. पुढे १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियातील मुद्रण कामगारांच्या संघटनेसोबत ‘यूटोपिया’ हा प्रकल्प सुरू झाला. वृत्तपत्राची पाने संगणकावर लावण्याची साधने कशी असावीत हे ठरवताना, यंत्रे हाती येण्याआधीच कागद, पुठ्ठा आणि प्लायवूडच्या प्रतिकृती करून कामगारांनी त्यांवर आपले रोजचे काम करून पाहिले. संगणकाचे ज्ञान नसलेल्या माणसालाही आपल्या कामाबद्दल अधिकाराने बोलता यावे, यासाठी ही युक्ती होती. मेरीलँड विद्यापीठातील ॲलिसन ड्रुइन यांनी ही कार्यपद्धती १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीच्या तंत्रज्ञानात आणली आणि २००२ मध्ये मुलांच्या चार भूमिका मांडल्या : वापरणारा, चाचणी करणारा, माहिती देणारा आणि आराखड्यातील भागीदार. शिक्षकांनी आखलेल्या ब्लॉगमध्ये मूल बहुधा पहिल्याच भूमिकेत राहते, क्वचित दुसऱ्या; सहभागी पद्धतीत त्याला चौथ्या भूमिकेपर्यंत नेण्याचा प्रयत्न असतो.

पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीची युक्ती आपल्या शाळांना फार उपयोगी आहे. संगणक कक्षात एकेका यंत्रापुढे चार-चार मुले बसत असतील, तर आराखड्याचे काम यंत्रावर करण्याचा आग्रह व्यर्थ आहे. कार्डशीटवर मुखपृष्ठ रेखाटावे, लेखांची शीर्षके चिठ्ठ्यांवर लिहून वरखाली सरकवून पाहावीत, प्रतिक्रिया वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर लिहून लेखाखाली चिकटवाव्यात. एवढ्यातून वाचक कुठे अडखळतो ते वर्गातल्या वर्गात कळते आणि यासाठी वीज किंवा इंटरनेट यांपैकी काहीच लागत नाही.

वेळेच्या बाबतीत पहिली पद्धत सरळ पुढे आहे. शिक्षकांनी एका सुट्टीच्या दिवशी रचना केली, तर त्याच आठवड्यात पहिला लेख प्रसिद्ध होऊ शकतो. सहभागी पद्धतीत पहिला लेख लिहिण्याआधीच पाच-सहा तासिका जातात. त्यात मुलांनी घरच्यांशी व एकमेकांशी बोलून माहिती गोळा करणे, नेमका प्रश्न ठरवणे, कागदी आराखडे करणे आणि ते दुसऱ्या तुकडीला दाखवून सुधारणे हे टप्पे येतात. जून ते दिवाळी या पहिल्या सत्रात गणेशोत्सव, घटक चाचण्या आणि सत्र परीक्षा धरल्या, तर या तासिका कुठून काढायच्या हे आधी ठरवलेले असावे. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रमांना जागा आहे, म्हणून तिथे हा वेळ मूल्यमापनाच्या नोंदीतच बसवता येतो. नववीत तो सहशालेय उपक्रमांतून काढावा लागेल.

वाचक कोण हे ठरवण्याचा अधिकार

दोन्ही पद्धतींतील सर्वांत मोठा फरक येथे दिसतो आणि सहभागी पद्धतीच्या बाजूने माझा कल झुकतो तोही याच कारणाने. शिक्षकांनी विषय दिले की मूल शिक्षकांसाठी लिहिते. मग पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता सण, मी मुख्याध्यापक झालो तर, हे निबंधच वहीऐवजी पडद्यावर उमटतात. भाषा नीटनेटकी असते, शेवटी उपदेश असतो आणि घरचे सोडले तर कोणी दुसऱ्यांदा वाचायला येत नाही. आराखड्याच्या टप्प्यावर मुलांपुढे ‘हे कोणी वाचावे असे तुम्हाला वाटते आणि त्याने ते का वाचावे?’ हा प्रश्न ठेवला, तर उत्तरे अगदी वेगळी येऊ शकतात. कुणाला मुंबई-पुण्यात कामाला गेलेल्या गावकऱ्यांनी वाचावे असे वाटेल, कुणाला पुढच्या वर्षी आपल्या वर्गात येणाऱ्या सातवीच्या मुलांनी, तर कुणाला परदेशात वाढणाऱ्या आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या चुलत भावंडांनी. वाचक ठरला की विषय आपोआप बदलतात. शहरात गेलेल्या गावकऱ्यासाठी लिहायचे, तर यंदा विहिरीला पाणी किती आहे आणि एस.टी.ची कोणती फेरी बंद झाली हे लिहावे लागते, आणि ते लिहिताना माहिती खरी आहे का हेही तपासावे लागते.

खऱ्या वाचकासोबत खरी जबाबदारी येते, याचे एक उदाहरण मुख्याध्यापकांनी अवश्य विचारात घ्यावे. स्कॉटलंडमधील नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलीने एप्रिल २०१२ मध्ये लेखनाचा सराव म्हणून शाळेत रोज मिळणाऱ्या जेवणावर ब्लॉग सुरू केला. ती ताटाचे छायाचित्र देई, दहापैकी गुण देई आणि किती घास झाले तेही लिही. इतर देशांतील मुले तिला आपापल्या जेवणाची छायाचित्रे पाठवू लागली. जूनमध्ये स्थानिक परिषदेने तिला भोजनकक्षात छायाचित्रे काढण्यास मनाई केली आणि मोठ्या प्रमाणावर टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. त्या प्रसिद्धीतून आफ्रिकेतील मलावी येथे मुलांच्या जेवणासाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. आपल्याकडे एखाद्या वर्गाने शालेय पोषण आहाराच्या खिचडीवर लिहायचे ठरवले तर काय करायचे, याचा निर्णय लेख प्रसिद्ध झाल्यावर घेण्याचा नाही. मुख्याध्यापकांना, आणि शक्य असल्यास शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या पालकाला, आराखड्याच्या चर्चेला बसवले तर अशा विषयाची मर्यादा मुलांच्या समोरच ठरते आणि तिची कारणेही त्यांना कळतात. शिक्षकांनी आखलेल्या ब्लॉगमध्ये हा प्रसंग सहसा उद्भवत नाही, कारण असा विषयच दिला जात नाही. ज्यांना शांतता अधिक महत्त्वाची वाटते त्यांच्यासाठी हा त्या पद्धतीचा गुण आहे. मला तो तिचा सर्वांत मोठा तोटा वाटतो.

बोली, शुद्धलेखन आणि टंकलेखन

मराठी ब्लॉगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी घरात बोलणाऱ्या मुलाने आजीचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, तर ते ठेवायचे की बदलायचे? शिक्षकांच्या आराखड्यात याचे उत्तर ठरलेले असते : १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखनविषयक नियमांप्रमाणे सर्व दुरुस्त करायचे. त्याने एकवाक्यता येते, पण आजीही जाते. सहभागी आराखड्यात हा निर्णय वर्गाने घ्यावा असे मला आग्रहाने वाटते. ‘निवेदन प्रमाण भाषेत, संवाद बोलीत’ असा नियम एखादा वर्ग करील. दुसरा वर्ग बोलीतील शब्दांची सूची लेखाखाली द्यायचे ठरवील. नियम कोणताही होवो, तो करण्यासाठी मुलांना प्रमाण भाषा आणि बोली यांतील फरक जितक्या बारकाईने पाहावा लागतो, तितका तो व्याकरणाच्या तासाला क्वचितच पाहिला जातो.

टंकलेखनाचेही असेच आहे. मराठी कीबोर्ड शिकवल्याशिवाय प्रारंभ करायचा नाही, असे शिक्षक एकट्याने ठरवू शकतात. मुलांशी बोलल्यावर मात्र लक्षात येते की काही जण मोबाइलवर रोमन अक्षरांतून देवनागरी लिहितात, काही बोलून लिहितात आणि काहींच्या घरी स्वतःसाठी मोबाइल मिळतच नाही. या तिसऱ्या गटासाठी वहीत लिहिणारा आणि टंकणारा अशी जोडी हवी, हे आराखड्यात आधीच आले तर ती मुले मागे पडत नाहीत.

जे निर्णय मुलांवर टाकू नयेत

सहभागाचा अर्थ सर्वच गोष्टींवर मतदान असा घेतला, तर उपक्रम फसतो. सुरक्षितता आणि मंचाची, म्हणजे ब्लॉग ज्या ऑनलाइन सेवेवर चालवायचा तिची, निवड हे दोन निर्णय मोठ्यांचेच राहावेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ या व्याख्येत येते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. त्यामुळे लेखाखाली पूर्ण नाव, छायाचित्र आणि गावाचा पत्ता एकत्र येणार नाही, एवढा नियम शिक्षकांनी घालून द्यावा. टोपणनाव कोणते घ्यावे हे मुलांनी ठरवावे.

मंचाच्या बाबतीत तांत्रिक तपशिलाला महत्त्व आहे. ब्लॉगर ही सेवा विनामूल्य आणि सोपी आहे, परंतु तिथे लेखक म्हणून जोडलेली व्यक्ती आपला लेख थेट प्रसिद्ध करू शकते. शिवाय १३ वर्षांखालील मुलाला स्वतःहून गूगल खाते उघडता येत नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेत ‘योगदानकर्ता’ ही भूमिका देता येते, ज्यात मूल लेख लिहून सादर करते आणि संपादकाने मान्यता दिल्यावरच तो प्रसिद्ध होतो. लेख आधी तपासणारे संपादक मंडळ नेमायचे असेल, तर वर्डप्रेस अधिक सोयीचे आहे. ब्लॉगरच वापरायचे झाल्यास सर्व लेख शिक्षकांच्या खात्यातून चढवावेत. दोन्हींकडे प्रतिक्रिया तपासूनच प्रसिद्ध करण्याची सोय आहे आणि ती पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावी.

वाचक मिळवून देण्याचे कामही मोठ्यांचेच आहे. इंग्लंडमधील बोल्टन येथील शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी रुजवलेल्या ‘क्वाडब्लॉगिंग’ पद्धतीत चार शाळा एकत्र येतात. प्रत्येक आठवड्याला एका शाळेचा ब्लॉग उरलेल्या तीन शाळा वाचतात आणि त्यावर लिहितात. अशी चौकडी कोकण, मराठवाडा, गोवा आणि परदेशातील एखादी मराठी शाळा मिळून बांधता येईल, परंतु वेळापत्रके जुळवणे शिक्षकांनाच करावे लागेल. प्रतिक्रिया कशी लिहावी याचे नियम मात्र मुलांनी करावेत.

पहिल्या पद्धतीच्या बाजूने एक गंभीर मुद्दा राहतो. साठ मुलांच्या वर्गात चर्चेने ठरवायचे म्हटले की चार-पाच बोलकी मुले ठरवतात, आणि बहुधा ती आधीपासूनच पुढे असलेली असतात. शिक्षकांनी विषय वाटून दिले तर मागच्या बाकावरच्या मुलीलाही हमखास पाळी मिळते. सहभागी पद्धतीत हे आपोआप घडत नाही. प्रत्येकाने आधी न बोलता चिठ्ठीवर लिहावे, मग पाचांच्या गटात बोलावे आणि गटाचे म्हणणे प्रत्येक वेळी वेगळ्या मुलाने मांडावे, एवढी शिस्त पाळल्याशिवाय तिला सहभागी म्हणू नये. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना बालसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत आणि नाममात्र सहभाग त्यांतच मोडतो. सहावी पायरी आहे मोठ्यांनी सुरू केलेल्या कामात मुलांसह निर्णय घेण्याची. शाळेच्या ब्लॉगसाठी ती गाठली तरी पुष्कळ झाले.

निवड

वर्ग दहावीचा असेल, सत्र अर्धे सरले असेल किंवा मुलांचा निर्णय स्वतःला न पटल्यावरही लागू करण्याची मोकळीक शाळेत नसेल, तर पहिली पद्धत घ्यावी आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे. सातवी ते नववीचा वर्ग, जूनमध्ये आरंभ आणि सोबतीला किमान आणखी एक शिक्षक असेल, तर वाचक, विषय, बोलीचे नियम आणि कामांची वाटणी हे चार निर्णय पूर्णपणे मुलांवर सोपवून सहभागी पद्धत स्वीकारावी. वर्ग फार मोठा असल्यास बारा-पंधरा जणांचा आराखडा गट करावा आणि त्यातील निम्मी मुले दर महिन्याला बदलावीत.

टिकण्याच्या दृष्टीने पाहिले, तर शिक्षकांनी आखलेला ब्लॉग त्यांच्या बदलीबरोबर बहुधा थांबतो. सहभागी ब्लॉग मुले चालू ठेवू शकतात, पण पुढच्या जूनमध्ये नवा वर्ग आला की त्याच्या हाती दुसऱ्यांनी ठरवलेले नियम येतात. म्हणून जुन्या वर्गाने नियमांसोबत प्रत्येक नियमाचे कारणही एका लेखात लिहून ठेवावे, आणि नव्या वर्गाच्या पहिल्या दोन तासिका त्यातील काय ठेवायचे व काय बदलायचे हे ठरवण्यासाठी राखून ठेवाव्यात.