लेते अँद्यँ : उन्हाळ्यात गाजलेलं शरदाचं गाणं

1975 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये गायक जो दासँचं हे गाणं जिथेतिथे वाजलं. गंमत म्हणजे गाणं आहे शरद ऋतूचं. उत्तर अमेरिकेत थंडीची चाहूल लागल्यावर मध्येच काही दिवस ऊब परतते, तो हा 'इंडियन समर', फ्रेंचमध्ये 'लेते अँद्यँ'. नावातल्या 'इंडियन'चा आपल्याशी संबंध नाही. आपली ऑक्टोबर हीट तर डोक्यातून काढूनच टाका. इथे घामाच्या धारा नाहीत.

चालही मुळात फ्रेंच नाही. अल्बात्रोस या इटालियन बँडच्या 'आफ्रिका'ची ती चाल, टोटो कुतुन्यो आणि मंडळींनी बांधलेली. क्लोद लमेल आणि पिएर दलानोए यांनी तिच्यावर नवे शब्द चढवले, आणि खरी किमया तिथेच आहे. दासँ कडवी गात नाही, बोलतो. पहिल्या कडव्यात आठवण दूर जाते: एक वर्ष झालं, एक शतक, अनंतकाळ. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तोच क्रम उलटा येतो आणि 'एक वर्ष'वर थांबतो. एवढ्याशा उलटापालटीने विरह एकदम ताजा होतो. शब्द न कळता ऐकणाऱ्याला फक्त गोड आवाज आणि व्हायोलिनं मिळतात. म्हणून निदान एकदा तरी शब्द समोर ठेवून ऐका.

फ्रेंच शिकणाऱ्यांना तर हे फुकटचं गृहपाठाचं पान आहे. पहिल्या कडव्यात बराचसा अपूर्ण भूतकाळ, ध्रुवपदात लागोपाठ साधा भविष्यकाळ. ध्रुवपदाच्या सुरुवातीचं 'आपण जाऊ' हे 'ऑन इरा' असं तोडू नका, 'ओंनिरा' असं जोडून म्हणा. 'अँद्यँ'मधले दोन्ही स्वर नाकातून, सुटा 'न' कुठेच नाही.

कराओकेला बहुतेकजण कडव्यात आपटतात. ठेक्यावर शब्द टाकले की पाढे म्हटल्यासारखं होतं. फार रेंगाळलं तर ध्रुवपद हातातून निसटतं. वाक्यं सैल सोडा, पण 'अनंतकाळ' ध्रुवपदाच्या आधी संपलाच पाहिजे.

खटकतं ते 'ला ला ला'. कोरस जरा जास्तच ताणलाय.

दासँने हेच गाणं जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि इंग्रजीतही गायलंय, त्यामुळे स्ट्रीमिंगवर शोधताना भलतंच हाती लागू शकतं. जर्मन गाण्याचं नाव 'सेप्टेंबरविंड' आहे. फ्रेंचच निवडा, साधारण साडेचार मिनिटांचं.