साठीचा बोकड: मोशीजवळच्या एका न्यामा चोमा अड्ड्याबद्दल

पाटीवर बिअर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत आणि त्याखाली दुकानाचं नाव उन्हानं पुसलेलं, त्यामुळे नाव विचारू नका. टांझानियातल्या मोशी शहरातून हिमोच्या रस्त्याला लागा. किबोरिलोनीचा जुन्या कपड्यांचा बाजार मागे पडला की डाव्या हाताला धूर दिसेल. बजाजीवाल्याला 'न्यामा चोमा' (म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस) एवढं म्हटलं तरी तो तिथेच सोडतो. बजाजी म्हणजे रिक्षा. आपल्या आकुर्डीच्या कंपनीचं नाव टांझानियात सामान्यनाम होऊन बसलंय. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं वाळूजला त्याच कंपनीत आहेत, त्यांना फोटो पाठवला तर म्हणाली, "सर, सर्व्हिसिंगला आम्ही येऊ का?"

मी इचलकरंजीचा. आयटीआयमध्ये ३१ वर्षं वेल्डिंग शिकवलं, आता वर्षभरासाठी इथल्या एका प्रशिक्षण केंद्रात तेच काम बिनपगारी करतोय. ऑगस्टमध्ये साठ पूर्ण झाली. घरी असतो तर साठीशांत झाली असती, गुरुजी आले असते, होमाच्या धुरानं डोळे चुरचुरले असते. इथे वर्कशॉपमधल्या पोरांनी परस्पर ठरवलं की बाबूची साठी म्हणजे न्दाफू पाहिजे. बाबू म्हणजे आजोबा. हापिसातल्या बाबूंना आयुष्यभर शिव्या घातल्या आणि शेवटी स्वतःच बाबू झालो.

न्दाफू हा चग्गा लोकांचा प्रकार. किलिमांजारोच्या उतारावर केळी आणि कॉफी पिकवणारे हे लोक. लग्नात, वाढदिवसाला अख्खा बोकड भाजायचा, फळीवर चार पायांवर उभा करायचा, तोंडात हिरवा पाला द्यायचा आणि केक कापावा तसा कापून माणसामाणसाला घास भरवायचा. रोजचं न्यामा चोमा मात्र किलोवर मिळतं. बोकडाचा तुकडा तुम्ही बोट दाखवून निवडता, तो निखाऱ्यावर जातो आणि तासाभरानं लाकडी फळीवर तुकडे होऊन येतो. अख्ख्या बोकडासाठी दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि निम्मे पैसे एम-पेसानं, म्हणजे मोबाइलवरून, पाठवावे लागतात.

इथेच माझं चुकलं. जेवण रात्री आठला हवं होतं. स्वाहिलीत आठ म्हणजे 'नाने' एवढं मला येत होतं, म्हणून ऐटीत फोनवर सांगितलं, 'सा नाने'. मालकीणबाई म्हणाल्या, "सावा, बाबू," म्हणजे ठीक आहे. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी दोनला वर्कशॉपमध्ये फोन वाजला: बोकड फळीवर उभा आहे, पाहुणे कुठे आहेत?

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दुपारचे दोन म्हणजे आठवा. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशोब बिघडत नाही. माझी आजीही 'दिवस कासराभर वर आला' म्हणूनच वेळ सांगायची, तेव्हा मला हे सुचायला हवं होतं. रात्री आठला जायचं असेल तर 'सा म्बिली उसिकु' म्हणा. दिवस की रात्र, हे बाईंनी एका शब्दानं विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण रात्री आठला काय म्हणतात हे मलाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे याचे गुण मी कापत नाही.

आता चवीबद्दल. सहा तास थांबलेला बोकड. वरची कातडी चामड्यासारखी झाली होती, बरगडीचं मांस सुकलं होतं, त्याला काही इलाज नव्हता. पण मामांनी (इथे कुठल्याही पोक्त बाईला मामा म्हणतात, त्याची सवय व्हायला मला महिना लागला) संध्याकाळी तो पुन्हा मंद निखाऱ्यावर घेतला होता, आणि मांडीचा आतला भाग असा निघाला की मी कोल्हापूरकडचा माणूस गप्प बसलो. मसाला नाही. खोबरं नाही, तीळ नाही, कांदा-लसूण नाही. मीठ, लिंबू, लाकडाचा धूर. आपण तांबड्या रश्श्यात मटणाचे किती दोष लपवतो हे अशा वेळी कळतं. सोबत भाजलेली कच्ची केळी आणि 'कचुंबरी' येते. ती आपलीच कोशिंबीर, फक्त दही आणि कूट विसरलेली. तिखटाची वाटी वेगळी मागून घ्या, मिरची जोरदार आहे.

म्बेगे एकदा तरी प्या. केळी शिजवून आंबवतात आणि त्यात मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घालतात. आंबट, दाट, तळाला गाळ. आपली आंबील चढणारी असती तर तिची चव अशीच लागली असती. बिअर मागितली तर "बारिदी की मोटो", थंड की साधी, असं विचारतील. साधीच पिणारे पुष्कळ आहेत. मी दोन्ही पिऊन पाहिल्या, थंडच घ्या.

शाकाहारी मंडळींनी मात्र इकडे फिरकू नये. आमच्यात एक डच सुईण होती, तिला अंड्यात घातलेले बटाट्याचे चिप्स, म्हणजे 'चिप्सी मायाई', आणि पुन्हा चिप्सी मायाई एवढंच मिळालं. घेवडा आणि म्चिचा (म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी) आहे असं सांगितलं होतं, तो संपला होता. बहुधा दुपारी दोनलाच.

जेवणाआधी पोरगी तांब्या-घंगाळ घेऊन प्रत्येकाच्या हातावर कोमट पाणी घालते, ते मला फार आवडलं. मोरी मागे अंगणात, अंधारात, पिंपातलं पाणी. टॉर्च न्या. वीज दोनदा गेली. बिल रिकाम्या बाटल्या मोजून करतात, आणि शेजारच्या टेबलाच्या चार बाटल्या आमच्याखाली सरकल्या होत्या, म्हणून बाटल्या स्वतः मोजा. अकरा जणांचे ३,३८,००० शिलिंग झाले. तीसनं भागलं की रुपये, म्हणजे सव्वाअकरा हजार. इचलकरंजीत एवढ्यात बोकड आला असता, भाजायला कोणी मिळालं नसतं.

साडेआठला सौ.चा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीचे अकरा. निरांजन लावून ती जागी बसली होती. फोनसमोर तिनं ओवाळलं, मी टोपीऐवजी रुमाल डोक्यावर घेतला. ओवाळता ओवाळता थांबून म्हणाली, "अहो, तुमच्या मागे ते कोण उभं आहे?" मागे बोकड होता, तोंडात पाला घेऊन. पोरांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ज्योत पाहून सगळे उठून उभे राहिले आणि मामांनी हातातला ट्रे खाली ठेवला.

सेवेला तीन तारे, मांडीला पाच, बरगडीला दोन. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका स्वयंसेवकाचा वाढदिवस आहे, त्याला मी इथेच नेणार आहे. एक सूचना तेवढी राहिली. इकडे वाढदिवसाच्या माणसाच्या अंगावर पाणी ओततात, आणि या अड्ड्यात त्यासाठी बादली भरून तयार ठेवतात. कॉल संपवून मी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तीन दिवस फोन तांदळाच्या डब्यात होता, आणि 'मी मटणावरून बोलले म्हणून हे रागावलेत', असं सौ. तीन दिवस धरून बसली होती.