मिटिऑर ३५० घ्यायची ठरली, पण कोणती?

शोरूममध्ये रॉयल एनफिल्डच्या या क्रूझर बाइकचे चार प्रकार, फायरबॉल, स्टेलार, सुपरनोव्हा आणि ऑरोरा, शेजारी शेजारी उभे दिसले की डोळे रंगांवरच अडकतात. यांत्रिकदृष्ट्या चारही सख्ख्या बहिणी: तेच ३४९ सीसीचं इंजिन, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर. वजन १९१ किलो, सीट ७६५ मिमी उंच, टाकी १५ लिटरची. महागडीला पिकअप जास्त, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

फायरबॉल सगळ्यात स्वस्त. काळं इंजिन, काळा सायलेन्सर, भडक टाकी. बॅकरेस्ट नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये गाडी आली तेव्हा फायरबॉल आणि सुपरनोव्हाच्या किमतीत जेमतेम पंधरा हजारांचं अंतर होतं. एकटेच फिरणार असाल तर तेवढे पैसे चांगल्या हेल्मेट-जॅकेटवर घाला.

मागे कुणी नेहमी बसणार असेल तर मात्र स्टेलार. तिला बॅकरेस्ट येतो. क्रूझरवर मागच्याला धरायला फारसं काही नसतं, त्यामुळे दोन तासांच्या प्रवासात पाठीला टेकू असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

सुपरनोव्हाला बॅकरेस्ट आणि वर विंडस्क्रीन. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात छातीवर आदळणारा वारा त्याने कमी होतो. शहरातच फिरणाऱ्याला ती काच म्हणजे पुसायचं एक काम.

ऑरोरा २०२३ मध्ये आली. क्रोम आणि तारेची चाकं. दिसायला माझ्या मते चौघींत देखणी. पण तारेच्या चाकांसोबत ट्यूबचे टायर आले. बाकी तिघींच्या अलॉय चाकांवरच्या ट्यूबलेस टायरला रस्त्याच्या कडेला प्लग मारून दहा मिनिटांत निघता येतं. ट्यूब असली की मागचं चाक उतरवा, टायर सोडवा, ट्यूब काढा. घाटात संध्याकाळी हा उद्योग कुणाला हवाय?

जुनी घेणाऱ्यांनी एक बघावं. एलईडी हेडलाइट आणि रस्ता दाखवणारा ट्रिपर २०२५ च्या बदलांनंतर चारहींना मिळाला. त्याआधीच्या फायरबॉलमध्ये ते असतीलच असं नाही. क्लच दाबायला हलका करणारा स्लिप-असिस्ट क्लचही २०२५ मध्येच आला, आणि ट्रॅफिकमध्ये डाव्या हाताला तो लगेच जाणवतो.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. मागे बसणाऱ्याला घेऊन जा, आणि एखाद्या खड्ड्यावरून मुद्दाम न्या.